टा १८३ वर एक्स-४ की आर४एम? मदत हवी आहे

मंडळी, सध्या १/४८ मापात फोके-वुल्फ टा १८३ या जर्मन जेट लढाऊ विमानाचं मॉडेल करतोय. खरं विमान कधी उडालंच नाही, त्यामुळे दुसरं महायुद्ध १९४६ पर्यंत चाललं असतं तर ते कसं दिसलं असतं, अशी कल्पना आहे. पण शस्त्रं मात्र खरी हवीत, मनाने काहीही लटकवायचं नाही.

नाकातल्या ३० मिमीच्या चार एमके १०८ तोफा नक्की. त्यांची नळी आखूड, त्यामुळे बाहेर काही दाखवायचं नाही, नुसती भोकं पाडली. (एक वाकडं गेलं, पुटीनं बुजवून परत पाडलं.)

घोडं अडलंय पंखाखाली. एक्स-४ क्षेपणास्त्र दिसायला झकास, साधारण २ मीटर लांब, म्हणजे मॉडेलवर ४२ मिमी. पण ते तारेवरून छोट्या दांडीनं हाकायचं. एकट्या वैमानिकानं विमान सांभाळायचं की क्षेपणास्त्र? चाचणीत फोके-वुल्फ १९० या लढाऊ विमानावरून सोडलं होतं हे खरं, तरी मला पटत नाही. म्हणून ५५ मिमीच्या, सोडल्यावर हाकावी न लागणाऱ्या आर४एम रॉकेटांकडे कल आहे. मेसरश्मिट २६२ या जेट विमानाला प्रत्येक पंखाखाली १२ असायची, लाकडी रॅकवर. माझ्या मापात एकेक १.१५ मिमी जाड!

तर दोन गोष्टी सांगा. रॅकवर असताना आर४एमचे मागचे पंख मिटलेले दाखवायचे की उघडे? आणि टा १८३ च्या तिरक्या पंखाखाली रॅक पंखाच्या कडेला काटकोनात की सरळ उड्डाणाच्या दिशेत? रॅकचा मागून काढलेला जुना फोटो किंवा मापांसह आराखडा कुणाकडे असेल तर फारच उत्तम.