मंगोलियातील ओवो : बौद्ध परंपरा की त्याआधीची श्रद्धा?

जिज्ञासू : मंगोलिया तिबेटी परंपरेचा बौद्ध देश मानला जातो; मात्र तेथील भटक्या पशुपालकांविषयी वाचताना निळ्या आकाशाची, म्हणजे तेंग्रीची उपासना, शमन (देवता-आत्म्यांशी संवाद साधणारे मांत्रिक) आणि खिंडीतल्या दगडांच्या राशी (ओवो) यांचेच उल्लेख अधिक येतात. ओवोची पूजा नेमकी कोण करतो, लामा की शमन?

इतिहासप्रेमी : दोघेही करतात. १५७८ मध्ये मंगोल सत्ताधीश अल्तान खानाने तिबेटी लामा सोनाम ग्यात्सो यांना ‘दलाई लामा’ ही पदवी दिली आणि त्यानंतर बौद्ध धर्म मंगोल टोळ्यांमध्ये झपाट्याने पसरला. शमनांवर निर्बंध आले, पशुबळी देण्यास मनाई झाली, परंतु डोंगरांच्या आणि पाण्याच्या अधिपती देवता हद्दपार न होता धर्मरक्षक म्हणून बौद्ध पूजाविधीत सामावल्या गेल्या. त्यामुळे ज्या राशीपुढे लामा पोथी वाचतो, तिची मुळे त्याच्या धर्माहून जुनी असतात.

वाटसरू : वरील उत्तर योग्य असले तरी ते खान आणि लामा यांच्या बाजूने पाहते. पशुपालकाच्या घरात हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. गेरचे, म्हणजे नमद्याच्या तंबूचे, दार परंपरेने दक्षिणेकडे असते. समोरची उत्तरेची बाजू मानाची, आणि बुद्धमूर्ती व पूर्वजांची छायाचित्रे तेथेच मांडलेली असतात. मधल्या चुलीतला अग्नी पवित्र असल्यामुळे त्यात पाणी ओतत नाहीत, केरकचरा टाकत नाहीत, चुलीकडे पाय करून बसत नाहीत. सकाळच्या दूधचहाची पहिली धार घरातल्या कोणाच्याही आधी आकाशाला आणि भूमीला अर्पण होते. त्यासाठी नऊ खोलगट खळगे कोरलेला लाकडी चमचा असतो. हे सारे घरातली बाईच करते, तिला ना लामा लागतो ना शमन. ओवोपाशी आलेला प्रवासीसुद्धा दगड ठेवतो, सूर्याच्या गतीने तीन प्रदक्षिणा घालतो, जमल्यास निळे रेशमी वस्त्र बांधतो आणि पुढे जातो.

जिज्ञासू : मग साम्यवादी काळात हे टिकले कसे?

इतिहासप्रेमी : १९३७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हजारो लामा मारले गेले आणि बहुतेक मठ उद्ध्वस्त झाले, ओवोच्या सार्वजनिक पूजाही थांबल्या. वाटसरू यांनी सांगितलेले घरगुती आचार मात्र बंद पाडणे अवघड होते, असे मला वाटते, कारण त्यांना ना इमारत लागत होती ना पुरोहित. १९९० च्या लोकशाही क्रांतीनंतर चित्र पालटले. (त्या दशकात भारताचे राजदूत म्हणून तेथे होते लडाखचे बकुला रिन्पोचे, स्वतः भिक्षू, मठांच्या पुनरुज्जीवनात त्यांचा मोठा वाटा होता.) १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने बोग्द खान, बुरखान खालदुन आणि ओत्गोनतेंगेर या पर्वतांची शासकीय पूजा पुन्हा सुरू झाली. त्यांपैकी बुरखान खालदुन २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे.