क्वीन्स रॉयल कॉलेज, पोर्ट ऑफ स्पेन : माहीत असेल ते इथे लिहा

केतकीचं_बन
आज १२ एप्रिल. १९७६ साली याच दिवशी पोर्ट ऑफ स्पेनला (त्रिनिदादची राजधानी) कसोटीत आपण वेस्ट इंडिजविरुद्ध ४०३ धावांचं लक्ष्य गाठलं, ४ बाद ४०६. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर ८५. सकाळी तो धावफलक पुन्हा काढून बसले आणि यष्टींमागे डेरेक मरे हे नाव दिसलं. मरे क्वीन्स रॉयल कॉलेजचा विद्यार्थी. नावात कॉलेज असलं तरी ही मुलांची माध्यमिक शाळा, ओव्हलपासून, म्हणजे त्या कसोटीच्या मैदानापासून, पायी पंधरा मिनिटांच्या आत. लेखक सी. एल. आर. जेम्स, पुढे पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स, कादंबरीकार नायपॉल हे तिघेही इथलेच. जेम्स नंतर तिथे शिकवतही होते, आणि विल्यम्स त्यांच्या हाताखाली शिकले. एवढ्याशा बेटावरची एक सरकारी शाळा! तिकडे राहिलेल्यांनी, शिकवलेल्यांनी लिहा. इमारत, प्रवेश, मैदान, मधल्या सुट्टीतलं खाणं, काहीही चालेल. फक्त नेमकं लिहा.

सव्हानाची_वाट
केतकीताई, इमारतीपासून सुरुवात करते. शाळा १८५९ ची, तेव्हाचं नाव क्वीन्स कॉलेजिएट स्कूल. १८७० मध्ये क्वीन्स रॉयल कॉलेज झालं. आत्ताची वास्तू नंतरची. पायाभरणी नोव्हेंबर १९०२, उद्घाटन मार्च १९०४. आराखडा डॅनियल मेनर्ट्स हान यांचा, तेही याच शाळेचे माजी विद्यार्थी. घडण जर्मन रेनेसाँ पद्धतीची, निळसर चुनखडी दगड आणि तांबूस काँक्रीट, मधोमध मनोरा. ठोके देणारं घड्याळ १९१३ मध्ये बसवलं.
रुंद व्हरांडे आणि उंच छत नुसत्या शोभेचे नाहीत. जून ते डिसेंबर पावसाळा. व्हरांडा असला की झड वर्गात येत नाही, खिडक्या उघड्या ठेवून तास घेता येतो.
बघायला जाणार असाल तर शाळेसमोरच्या क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मोकळ्या मैदानाभोवती एकेरी वाहतूक आहे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पश्चिमेच्या मारावल रस्त्यावर सात जुन्या वास्तू ओळीने लागतात, 'मॅग्निफिसंट सेव्हन'. दक्षिणेकडून पहिलीच ही शाळा. गाडीतून जाताना डावीकडे लगेच येते आणि मागे पडते. चुकलात तर सव्हानाची अख्खी फेरी, साडेतीन किलोमीटर. उभं राहून बघायचं तर समोर सव्हानाच्या कडेला शहाळेवाल्यांपाशी थांबा, तिथून मनोरा पूर्ण दिसतो.

चुना_आणि_वीट
चुनखडी दगडाचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो. अशा भिंतींच्या दरजा सिमेंटने भरू नयेत. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. समुद्राजवळ तर हे जास्त वेगाने होतं. मुंबईतल्या जुन्या दगडी इमारतींनाही हाच त्रास आहे.

राधा_टोरांटो
प्रवेश कसा मिळतो तिथे? मुलाखत असते का? फी किती? (घाईत आहे, कुकर लावलाय, नंतर वाचते)

फॉर्म_सिक्स
राधाताई, मुलाखत नाही आणि फीसुद्धा नाही. प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी, स्टँडर्ड पाचला, एसईए ही माध्यमिकची प्रवेश परीक्षा होते. गणित, इंग्रजी आणि इंग्रजी लेखन. २००१ पासून ती आली, आधी कॉमन एन्ट्रन्स होती. पालक पसंतीच्या चार शाळा क्रमाने लिहून देतात आणि गुणांनुसार वाटप होतं. इथे लोक हमखास एक चूक करतात. चारही रकान्यांत नावाजलेल्या शाळाच भरतात. गुण थोडे कमी पडले की चारही हातच्या जातात आणि मूल राहत्या भागातल्या जागा असलेल्या शाळेत टाकलं जातं. चौथी पसंती नेहमी हमखास मिळेल अशी ठेवावी.
दुसरं, सरकार आणि धार्मिक संस्थांमधल्या १९६० च्या कॉन्कॉर्डाट करारानुसार चर्च, मंदिर, मशिदीच्या संस्थांच्या शाळांना २० टक्के जागा मुख्याध्यापकांच्या यादीतून भरता येतात. क्वीन्स रॉयल सरकारी असल्याने तिथे ती यादी लागू नाही. सगळं गुणांवर. म्हणून मला ही शाळा जवळची वाटते.
पुढे फॉर्म १ ते ५, शेवटी सीएसईसी, म्हणजे आपल्या दहावीसारखी कॅरिबियन परीक्षा. मग लोअर सिक्सला केपचं (बारावीसारखी पुढची परीक्षा) युनिट १, अप्पर सिक्सला युनिट २. सीएसईसीत एसबीए म्हणजे शाळेत करायचा प्रकल्प असतो. तो दिलाच नाही तर लेखी पेपर कितीही चांगला जावो, ग्रेड मिळत नाही. मुलं तिथेच अडकतात. सप्टेंबरात सुरू होणारं काम एप्रिलवर ढकलतात.

गोदाकाठ
पूर्वी आयलंड स्कॉलरशिप म्हणत ती हीच का?

फॉर्म_सिक्स
नाही हो काका, ती वेगळी. ती शाळा संपताना. बेटावरच्या मोजक्याच मुलांना, इंग्लंडला विद्यापीठात शिकायला. विल्यम्सना मिळाली, ते ऑक्सफर्डला गेले. नायपॉलांचे मामा रुद्रनाथ कपिलदेव यांना १९३८ मध्ये. नायपॉलही सरकारी शिष्यवृत्तीवरच १९५० मध्ये ऑक्सफर्डला गेले. एकदोन गुणांनी हुकलेला मुलगा कारकुनीत जायचा, कारण विलायतेचा खर्च घरून झेपणं शक्य नव्हतं. माध्यमिक शिक्षण मोफत झालं ते विल्यम्सच्या सरकारच्या काळात, साठच्या दशकात. हे मला फार मोलाचं वाटतं.

मॅटिंगवाला
मैदानाचं कुणी लिहिलंच नाही. शाळेचं मैदान वेगळं, ओव्हल वेगळं, गल्लत नको. जेम्स यांच्या काळात त्रिनिदादला खेळपट्टी मॅटिंगची. चिकणमातीचा थर दाबून त्यावर ज्यूटची चटई ताणून खिळवायची. सगळा खेळ त्या ताणावर. चटई सैल झाली की चेंडू अडकून येतो आणि फलंदाज लवकर बॅट फिरवून झेल देतो. ओल आली की ज्यूट आवळतं, म्हणून सकाळी आणि दुपारी ताण वेगळा, खिळे पुन्हा बघावे लागतात. मॅटवर चेंडू पकड घेतो, कटर आणि लेगस्पिन दोन्ही वळतात, उसळीही जास्त. मुलं मागच्या पायावर खेळायला आपोआप शिकतात. उलट पुढे रेटून खेळायची सवय कमी, आणि इंग्लंडच्या ओल्या गवतावर तेच नडतं. ओव्हलवर मॅटिंगवरची शेवटची कसोटी १९५४ ची, इंग्लंडविरुद्ध. वेस्ट इंडिजच्या वीक्सच्या २०६, वॉरेलच्या १६७, वॉलकॉटच्या १२४ धावा.
मरे १९६३ मध्ये इंग्लंडला वयाच्या विसाव्या वर्षी पदार्पणात पाच कसोटींत २४ बळी घेऊन आला. यष्टीरक्षक म्हणून!

केतकीचं_बन
हे हवं होतं! चटईचा ताण हे डोक्यातच आलं नव्हतं.

नापरिमा_रोड
त्रिनिदादच्याच सॅन फर्नांडो शहरातलं नापरिमा कॉलेज विसरू नका. १८९४, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं. मजूर म्हणून नेलेल्या हिंदुस्थानी लोकांची मुलं माध्यमिकला पोचली ती मुख्यतः तिथून. कादंबरीकार सॅम्युअल सेल्वॉन तिथलेच. त्या मजुरांचं पहिलं जहाज फतेल रझाक, ३० मे १८४५ ला पोचलं. लोक बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, त्यामुळे तिकडे मराठी आडनावं शोधू नका.

दोन_घास_जास्त
आणि मधल्या सुट्टीत डबल्स!! बारा म्हणजे भोजपुरी बरा, आपला वडा, पण मैद्याचा आणि चपटा. दोन बारांमध्ये चणे, म्हणून डबल्स. १९३६ मध्ये प्रिन्सेस टाउनला दीन कुटुंबाने सुरू केलं.

राधा_टोरांटो
कुकर उतरला. कृती द्या ना, प्रमाणासकट. माझे बारा कडक होतात.

दोन_घास_जास्त
राधाताई, पीठ घट्ट भिजवता तुम्ही. २ वाट्या मैदा, १ चमचा इन्स्टंट यीस्ट, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा साखर, मीठ, आणि पाऊण ते १ वाटी कोमट पाणी. पीठ हाताला चिकटायलाच हवं. तासभर झाकून ठेवा. लिंबाएवढे गोळे, पुन्हा १० मिनिटं. लाटणं नको. तळहाताला तेल लावून थापा, पुरीपेक्षा पातळ. तेल चांगलं तापलेलं, एका बाजूला ८-१० सेकंद, उलटून तेवढेच. तांबूस झाला म्हणजे हुकला. काढल्या काढल्या एकावर एक रचून सुती फडक्यात गुंडाळा. त्या वाफेवरच ते मऊ पडतात, फडकं विसरलात तर कडक होणारच.
चणे रात्रभर सोडा घालून भिजवा, मऊ शिजवा, थोडे घोटा, रस्सा अंगासरशी. शॅडो बेनी मिळाली तर उत्तम. कोथिंबिरीच्या वासाची पण खूप उग्र, लांब दातेरी पानं. टोरांटोत कॅरिबियन दुकानात मिळेल.

राधा_टोरांटो
फडकं! तेच राहत होतं. वरून काय?

दोन_घास_जास्त
काकडीची चटणी, चिंच, कुचेला (किसलेल्या कैरीचं लोणचं) आणि मिरचीचा सॉस. गाडीवर 'स्लाइट' म्हणालात तर बोटभर सॉस. पहिल्यांदा 'स्लाइट'च सांगा.