मार्करमधून हवा सुटतेय? आधी लीक शोधा, किट नंतर

न्यूजर्सीकर:
टिपमन 98 सारख्या पेंटबॉल मार्करमधून (रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकीतून) जरा फुस्स आवाज आला की लोक थेट सील किट मागवतात आणि दिसेल ती ओ-रिंग (जोडातून हवा अडवणारी गोल कडी) बदलत सुटतात. माझा याला ठाम विरोध आहे. हवा कुठून जातेय हे कळेपर्यंत एकही स्क्रू ढिला करू नका.

टाकी जोडतो तिथून आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा टाकीच्या तोंडावरची ओ-रिंग गेलेली असते. बदलली की विषय संपला. बॅरलमधून (पुढच्या नळीतून) येत असेल तर हॉपर (गोळ्यांचा डबा) काढा, बॅरलला कव्हर घाला आणि मार्कर कॉक करून, म्हणजे आतला हॅमर (व्हॉल्व्हवर आदळणारा भाग) मागे ओढून अडकवून, पाहा. कॉक नसताना हॅमर व्हॉल्व्हच्या पिनेला टेकलेला असतो. दाब कमी पडला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, हवा बॅरलवाटे निघून जाते. कॉक केल्यावर आवाज थांबला तर सील बहुधा ठीक आहे, दाब कमी आहे. आमच्याकडे थंडीत हे हमखास होतं: सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) टाकीत 21 अंशाला सुमारे 850 पीएसआय (दाबाचं एकक) असतात, 0 अंशाला जेमतेम 500. कॉक करूनही थांबत नसेल, तरच कप सीलवर (व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या सीलवर) संशय घ्या.

मैदानवाला, लोणावळा:
तुमचा स्वतःचा एक मार्कर आहे, म्हणून हे जमतं. भाड्याचे मार्कर रांगेत लावलेले, समोर कंपनीचा ग्रुप खोळंबलेला, तिथे कान लावून कोण बसणार? सीझन सुरू व्हायच्या आधी आम्ही सरसकट सगळे सील बदलतो. शिवाय इकडच्या उन्हात, 30 अंशाला, सीओटूचा दाब 1000 पीएसआयच्या वर जातो. साध्या काळ्या रबराच्या ओ-रिंगमध्ये गॅस मुरतो, ती फुगते आणि फाटते. ती फाटायची वाट का बघायची?

न्यूजर्सीकर:
टाकीच्या ओ-रिंगबद्दल मान्य, ती युरेथेनचीच घ्या आणि जादा खिशात ठेवा. पण सरसकट बदलताना पोरं टोकदार आकड्याने जुनी रिंग उचकटतात, खाचेत ओरखडा पडतो आणि नवी रिंगही तिथूनच गळते. मग चांगला व्हॉल्व्ह भंगारात जातो. पंक्चरवालासुद्धा आधी ट्यूब पाण्यात बुडवतो, मगच ठिगळ लावतो. इथे बुडवायचीही गरज नाही, जोडांवर ब्रशने साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडा फुगत राहतो तिथेच लीक.

सावधराव:
दोघंही टाकीबद्दल फार सहज बोलताय. नवख्याने मार्कर उघडूच नये, या मताचा मी आहे. टाकी फिरवताना कधीकधी ती मार्करपासून सुटण्याऐवजी तिचा स्वतःचा व्हॉल्व्हच बाटलीतून सुटायला लागतो. असे व्हॉल्व्ह उडून अमेरिकेत माणसं मेली आहेत. व्हॉल्व्ह आणि बाटलीवरून एक सलग रेघ नेलपॉलिशने ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा.

मैदानवाला, लोणावळा:
रेघेचं उद्यापासून आमच्या सगळ्या टाक्यांवर करतो. टोकदार आकड्याऐवजी प्लॅस्टिकचा आकडा वापरू, तेही पटलं. पण सीझनआधीचे सील बदलणं मी सोडणार नाही. खेळ ऐन रंगात असताना मार्कर बंद पडला तर गिऱ्हाईक परत येत नाही.

न्यूजर्सीकर:
बदला, पण काढलेलं प्रत्येक कप सील उजेडात धरून बघा. कडेला चीर नसेल तर ते फेकू नका. आणि डब्ल्यूडी-40 हा गंज सोडवायचा स्प्रे कुणाला मारू देऊ नका, ओ-रिंगची वाट लागते.