दोन महिने झाले, काटा हलेना. उरलेली एक भाकरीही बंद करू का?

केळीची बाग, यावल तालुका
वय 46, उंची पाच फूट दोन इंच. सुरुवातीला वजन 82.4 किलो. आईला मधुमेह होता, तिचे शेवटचे दिवस मी जवळून पाहिलेत. माझं एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 6.0 आलं त्याच दिवशी ठरवलं की आता हयगय नाही. गोळ्या अजून काही सुरू नाहीत.

साखर, भात, पोळी, केळी बंद. (घरात घड टांगलेला असताना केळं न खाणं काय असतं ते इथल्यांना सांगायला नको.) दुपारी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) एक भाकरी, रात्री नुसती भाजी, दोन अंडी, ताक. पहिल्या पंधरा दिवसांत 79.5 वर आले. पुढच्या सहा आठवड्यांत फक्त 78.6. रोज सकाळी काट्यावर उभी राहते आणि रोज मन खट्टू होतं. परवा पाहुणे आले म्हणून शेवभाजी झाली, दुसऱ्या दिवशी थेट 800 ग्रॅम जास्त! कंबर 98 सेंटिमीटर होती, आता 93.

सध्या भरताचा मोसम आहे. वांग्यात कर्बोदकं कमी, म्हणून भरीत मात्र पोटभर खाते. दुपारची भाकरीही सोडली तर उतरेल का?

धुळेकर
ताई, भाकरी सोडू नका. पहिले तीन किलो बहुतेक पाणीच होतं. शरीरात साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की तेही जातं. शेवभाजीचे 800 ग्रॅमही तसेच. मीठ आणि बेसन पोटात गेलं, पाणी थांबलं. एका रात्रीत एवढी चरबी चढत नाही. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. रोजच्या आकड्यावर जीव टाकू नका.

कंबर पाच सेंटिमीटर उतरली, ही खरी कमाई. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 च्या आत असावी असं मानतात, म्हणजे वाट बरोबर आहे.

मला शंका भरताचीच येते. पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेलं वांगं हलकंच असतं, पण फोडणीचं तेल आणि शेंगदाणे? तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी. आठवडाभर तेल आणि दाणे वजन करून वापरा, मग बोला.

चोपड्याची लेक
ताईंना गोळ्या नाहीत म्हणून ठीक, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. माझे वडील ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतात. कुणाला न विचारता त्यांनी दोन्ही वेळची भाकरी बंद केली. चौथ्या दिवशी दुपारी दरदरून घाम, हात थरथरायला लागले, साखर 58. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला. साखरेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टर, मग भाकरी.

केळीची बाग, यावल तालुका
धुळेकर भाऊ, आठवडाभर मोजलं. आमच्या पळीत 45 ग्रॅम तेल मावतं. भरताला दोन पळ्या घालत होते आणि खाणारे आम्ही तिघं. म्हणजे माझ्या वाट्याला 30 ग्रॅम, 270 कॅलरी नुसत्या तेलाच्या. संध्याकाळी चहासोबत मूठभर दाणे खायचे, ते 55 ग्रॅम भरले. तीनशेवर कॅलरी तिथेच. मी मात्र बिचाऱ्या भाकरीला दोष देत होते.

आता भरताला एक पळी, दाणे 20 ग्रॅम वाटीत काढून डबा फडताळात. भाकरी तशीच आहे, ती खाल्ली की रात्रीपर्यंत काही चघळावंसं वाटत नाही. या आठवड्याची सरासरी 78.2. कंबर पुढच्या रविवारी मोजेन आणि इथेच लिहीन.