शब्दचर्चा : किशोर रहस्यकादंबरीत ‘फॉरेन्सिक’ला काय म्हणायचं?

नीलशाई
एका किशोर रहस्यकादंबरीचं हस्तलिखित तपासायला आलंय. नववीतली मुलगी तपास करते, गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या एका गावात घडते. लेखकाने फॉरेन्सिकला सरसकट ‘न्यायवैद्यक’ म्हटलंय : न्यायवैद्यक व्हॅन, न्यायवैद्यक ठसे आणि एके ठिकाणी चक्क न्यायवैद्यक चिखल! शिवाय ही तीन वाक्यं खटकतात :
१. ‘तिने ग्लासवर पावडर टाकताच गुन्हेगाराचे ठसे उमटले.’
२. ‘पोलिसांनी रक्ताने माखलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुरावा म्हणून नेला.’
३. ‘शवविच्छेदनात व्हिसेरा आढळला.’
शब्द सुचवा, आणि तपशील चुकत असेल तर तोही सांगा.

बोरूबहाद्दर
न्यायवैद्यक ही वैद्यकाची शाखा. जखम कशाने झाली, मृत्यू कशाने आणि साधारण कधी झाला, व्यक्तीचं वय किती, हे डॉक्टर सांगतात ते न्यायवैद्यक. चिखल, काच, रंग, शाई, रक्ताचे डाग, काडतुसं हे सगळं ‘न्यायसहायक विज्ञान’. राज्य शासनाच्या प्रयोगशाळेचं नावही ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ असंच आहे, मुख्यालय मुंबईत कलिन्याला.

पण हवालदाराच्या तोंडी ‘न्यायसहायक’ घालू नका, हसतील लोक. पोलीस ‘फॉरेन्सिकची टीम’ म्हणतात, प्रयोगशाळेच्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. इथे सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक. संवादात फॉरेन्सिक, कागदपत्रात न्यायसहायक असं ठेवा.

व्हॅन कधी येते तेही बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७६(३) प्रमाणे ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुभा आहे. रस्त्यावरून सायकल चोरीला गेली तर साध्या चोरीला शिक्षा ३ वर्षांपर्यंत. तिथे व्हॅन दारात उभी केलीत तर वाचक विचारेल.

काळीपावडर
पहिल्या वाक्यात ‘उमटले’ हे क्रियापदच चुकलंय. ठसा उमटला तो ग्लास हातात धरला तेव्हा. पावडरीने तो नुसता उठून दिसतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या ठशाला ‘सुप्त ठसा’ म्हणा. ठसेतज्ज्ञांच्या बोलीत घटनास्थळी मिळालेला ठसा म्हणजे ‘चान्स प्रिंट’, तो दिसू लागला की ‘डेव्हलप झाला’, आणि चिकटपट्टीवर घेतला की ‘उचलला’. ‘ठसा उचलणे’ हे अस्सल मराठी आहे, बिनधास्त वापरा.

आता ‘पावडर टाकताच’. पावडर टाकत नाहीत, ब्रशने फिरवतात, तीही नखभर. आधी तिरप्या उजेडात ग्लास बघायचा, घाम-तेलाचा डाग दिसला तर मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यायचा. मग मऊ ब्रशची फक्त टोकं पावडरीला लावायची, जादा पावडर झटकायची आणि अलगद फिरवायचं. रेषा दिसायला लागल्या की ब्रश रेषांच्या दिशेने न्यायचा. पावडर जास्त झाली तर रेषांमधल्या फटी भरतात आणि सगळा काळा डाग होतो. ब्रश दाबला तर ठसा पुसला जातो. फ्रिजमधून काढलेला ग्लास दमट असतो, त्यावर पावडरीचे गोळे होतात. तो आपोआप वाळू द्यायचा. पुसायचा नाही, फुंकायचाही नाही, तोंडातली वाफ आणि थुंकी लागते. पांढऱ्या पृष्ठभागावर काळी पावडर, गडदवर अ‍ॅल्युमिनियमची राखाडी. पुन्हा फोटो. चिकटपट्टी एका कडेने लावत न्यायची, मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढ्या रेषा गेल्या.

हे काचेचं झालं. वहीच्या पानावर पावडर फारशी उपयोगी नाही, कारण कागद घाम शोषून घेतो. तिथे निनहायड्रिन नावाचं रसायन लागतं. ते घामातल्या अमिनो आम्लांशी मिळून जांभळा रंग देतं. ठसा नीट दिसायला एक-दोन दिवस जाऊ शकतात. कागद भिजलेला असेल तर अमिनो आम्लं धुऊन गेलेली असतात आणि निनहायड्रिन निकामी ठरतं. पानावर ठसे ‘ताबडतोब’ दिसले असं प्रकरण असेल तर तेही पाडा.

नीलशाई
लेखकाने पुढे ‘दोघांच्या अंगठ्याला चक्र होतं, म्हणजे ठसे जुळले’ असंही लिहिलंय. शंख-चक्र चालेल ना?

काळीपावडर
शब्द चालेल, तर्क चालणार नाही. शंख, चक्र, कमान हे ठशांचे ढोबळ प्रकार. शंख साधारण ६० ते ६५ टक्के, चक्र ३० ते ३५, कमान ५ टक्क्यांच्या आसपास. गावातल्या निम्म्याअधिक लोकांच्या कुठल्या ना कुठल्या बोटाला चक्र सापडेल. प्रकार वेगळा निघाला तर ‘त्या बोटाचा नाही’ म्हणता येतं. जुळवणी होते ती बारकाव्यांवर : रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, आणि त्या जागांचं एकमेकांपासूनचं अंतर. आणि ‘गुन्हेगाराचे ठसे’ असं निवेदकाने म्हणू नये. हात लागला एवढंच ठसा सांगतो. तो चोरीच्या रात्री लागला की आदल्या आठवड्यात, हे त्यावरून खात्रीने कळत नाही. रहस्यकथेला ही फट फार कामाची आहे खरं तर.

बोरूबहाद्दर
बोटांच्या ठशांना ‘अंगुलिमुद्रा’ हा शब्द सरकारी पाटीवर ठीक. जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, आणि बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठशांच्या वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचं काम आहे. नववीतल्या मुलीला हे ठाऊक असलं तर छान वाटेल.

लाखबंद
दुसरं वाक्य. पोलीस ‘पुरावा’ नेत नाहीत, ‘मुद्देमाल जप्त करतात’. पुरावा तो कोर्टात होतो. जप्तीचा पंचनामा होतो, त्यावर पंचांच्या सह्या होतात. आता नव्या संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही करायचं असतं. पंचनामा शब्द लेखकाने ‘वर्गात तिचा पंचनामा झाला’ असाही वापरला असेल तर राहू द्या, बोलीत खरडपट्टीला म्हणतातच. गारपिटीनंतर तलाठी करतो तोही पंचनामाच.

प्लास्टिकची पिशवी मात्र काढाच. रक्ताचे कपडे आधी सावलीत, पंख्याचा थेट झोत न लावता पूर्ण वाळवायचे, घडीच्या मध्ये कोरा कागद घालायचा म्हणजे एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूला लागत नाही, आणि कागदी पाकिटात ठेवायचे. ओला कपडा प्लास्टिकमध्ये कोंडला की बुरशी धरते, जिवाणू वाढतात आणि डीएनए तुटत जातो. प्रत्येक वस्तूचं पाकीट वेगळं. पाकिटाला लाखेचं सील आणि सह्यांचं लेबल, प्रयोगशाळेला जाणाऱ्या पत्रासोबत त्याच सिलाचा नमुना. तिथे दोन्ही ताडून बघतात. मुद्देमाल रजिस्टरमध्ये एका दिवसाची नोंद नसली तरी बचावपक्षाचा वकील तेवढंच धरून बसतो.

म्हणून मुलीने शर्ट स्वतः उचलून दप्तरात घालून पोलिसांना नेऊन दिला असं करू नका. तिने जागा ओळखावी, फोटो काढावा आणि हात न लावता बोलवावं.

बोरूबहाद्दर
बरोबर. आणि ‘आरोपी’, ‘संशयित’, ‘गुन्हेगार’ यांचीही सरमिसळ झाली असणार, एकदा शोधून बघा. शिक्षा लागेपर्यंत कोणीच गुन्हेगार नसतो.

उत्तरीय
तिसऱ्या वाक्याबद्दल. व्हिसेरा ‘आढळत’ नाही. व्हिसेरा म्हणजे पोटातली-छातीतली इंद्रियं, ती प्रत्येकात असतातच! आढळलं तर विष आढळेल. बरोबर प्रयोग : ‘व्हिसेरा राखून ठेवला’. बातम्यांत रोज येतो. मृत्यूचं कारण शवविच्छेदनात स्पष्ट झालं नाही किंवा विषाचा संशय असला की डॉक्टर काही भाग काढून प्रयोगशाळेत पाठवतात : एका बरणीत जठर आतल्या अन्नासह आणि लहान आतड्याचा वरचा साधारण ३० सेंमी भाग, दुसऱ्या बरणीत यकृताचा तुकडा आणि प्रत्येक मूत्रपिंडाचा अर्धा भाग. रक्त वेगळ्या बाटलीत, सोडियम फ्लोराइड घालून.

बरणीत सहसा मिठाचं संपृक्त द्रावण असतं. पडद्यावर दाखवतात तसं फॉर्मॅलिन नव्हे. फॉर्मॅलिनने ऊतक कडक होतं आणि त्यातून विष वेगळं काढणं अवघड जातं. बरणी दोन तृतीयांशच भरायची, कुजताना वायू सुटला तर झाकण उडू नये म्हणून. वापरलेल्या द्रावणाचा नमुनाही स्वतंत्र पाठवायचा.

क्रमही सांभाळा. आधी पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद, मग प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा, मग शवविच्छेदन. कागदावर ‘उत्तरीय तपासणी’, गावात ‘पीएम’. ‘पीएम झालं का?’ असं विचारणारं पात्र साताऱ्याकडे सहज खपेल.

नीलशाई
शेवटच्या प्रकरणात ल्युमिनॉल (रक्ताचे न दिसणारे डाग शोधायला फवारतात ते रसायन) आहे. ‘निळा प्रकाश पडला, म्हणजे रक्तच!’

काळीपावडर
‘रक्तच’मधला ‘च’ काढा. ल्युमिनॉल ही प्राथमिक चाचणी, खात्रीची नव्हे. अंधार लागतो, निळी चमक काही सेकंदच टिकते, म्हणून कॅमेरा तिकाटण्यावर आधीच लावून ठेवतात. ब्लिचने फरशी पुसली असेल तरी चमकतं. आणि हिरवा कळंक धरलेल्या तांब्याच्या घंगाळावर फवारलं तर रक्ताचा थेंब नसतानाही चमकेल.