विषय: अंगणवाडीतील चौदा वर्षे आणि इथली सर्टिफिकेट थ्री

प्रेषक: एक सभासद, टार्नेट

सप्रेम नमस्कार.

माझी धाकटी जाऊ गेल्या श्रावणात मेलबर्नला राहायला आली. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावी तिने चौदा वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम केले आहे. इथे चाइल्डकेअरमध्ये नोकरी करावी अशी तिची फार इच्छा आहे, परंतु त्यासाठी सर्टिफिकेट थ्री हे बालसंगोपनाचे प्रमाणपत्र लागते आणि सगळे पहिल्यापासून शिकायचे म्हटले की तिचा धीर खचतो. गेल्या आठवड्यात एका एजंटाने फोनवर सांगितले की, 'आरपीएल' (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे आधीच्या अनुभवाला मान्यता) केल्यास वर्गात बसावे लागत नाही. पैसे भरले की पंधरा दिवसांत प्रमाणपत्र घरपोच मिळते. तिच्याजवळ कागद म्हणून नेमणुकीचा आदेश आणि मानधन जमा झाल्याच्या नोंदी असलेले पासबुक एवढेच आहे. हा मार्ग खरा आहे का? माहीतगार सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रेषक: एक सभासद, ग्लेन वेव्हर्ली

ताई, नमस्कार.

आरपीएल हा मार्ग खरा आहे आणि आपल्या जाऊबाईंसाठी योग्यही आहे; मात्र एजंटाने सांगितले ते आरपीएल नव्हे. मी व्यावसायिक शिक्षणात अनेक वर्षे असेसर, म्हणजे उमेदवाराचे कौशल्य तपासणारी परीक्षक, म्हणून काम करते आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

ऑस्ट्रेलियात १९९५पासून सर्व पदव्या आणि प्रमाणपत्रे एका राष्ट्रीय चौकटीत बसवलेली आहेत. प्रत्येक प्रमाणपत्राची युनिटे, म्हणजे अभ्यासाचे घटक, ठरलेली असतात आणि त्या त्या युनिटमध्ये माणसाला काय करता आले पाहिजे, हे लिहून ठेवलेले असते. ते आपण कुठे शिकलात, नोकरीत, घरी की गावच्या कामात, याला आरपीएलमध्ये महत्त्व नाही. येते की नाही, याला आहे. सूट मिळते ती शिकवणीतून, परीक्षणातून नव्हे. असेसर प्रत्येक पुरावा चार बाजूंनी पाहतो: तो त्या युनिटशी संबंधित आहे का, पुरेसा आहे का, त्याच व्यक्तीच्या कामाचा आहे का आणि अलीकडचा आहे का. या चारांपैकी एकही प्रश्न न विचारता जो प्रमाणपत्र देतो, त्याचे प्रमाणपत्र टिकत नाही. २०२४च्या अखेरीपासून आस्क्वा या राष्ट्रीय नियामक संस्थेने काही संस्थांनी वाटलेली हजारो प्रमाणपत्रे रद्द केली आणि त्यांत बालसंगोपनाचीही होती. ज्यांची रद्द झाली, त्यांतल्या कित्येकांना खरोखरच काम येत असेल. पण ते कोणी तपासलेच नसल्याने त्यांच्या हाती काही उरले नाही. म्हणून त्या एजंटाला एक डॉलरही देऊ नये.

आता पुराव्यांविषयी. 'मानधन' या शब्दानेच आपल्या सेविकांचे निम्मे नुकसान केले आहे. इथल्या असेसरला त्याचे भाषांतर वाचून वाटते की ही बाई हौसेने, अधूनमधून जाऊन मदत करत असावी. खुद्द भारतातही हे काम नोकरी ठरावे की सेवा, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. तेव्हा केवळ आदेशाची प्रत जोडून थांबू नये. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून किंवा पर्यवेक्षिकेकडून असे पत्र मागवावे, ज्यात रोजचे तास, मुलांची संख्या आणि वये, तसेच प्रत्यक्ष कामे लिहिलेली असतील. मुलांचे दरमहा वजन घेणे, ते वाढीच्या तक्त्यावर मांडणे, घसरलेली रेषा वेळीच ओळखून आईला घरी जाऊन भेटणे, या साऱ्याला इथल्या युनिटांच्या भाषेत निरीक्षण, नोंद आणि पालकांशी सहकार्य म्हणतात. जुन्या नोंदवह्यांच्या प्रती मिळाल्या तर उत्तमच, पण मुलांची नावे झाकूनच त्या दाखवाव्यात.

याहून मोठी अडचण कागदांची नसून बोलण्याची आहे. आपल्याकडच्या स्त्रिया मुलाखतीत 'आम्ही' म्हणतात. काही वर्षे पाळणाघर चालवलेल्या एका मराठी बाईंना मी विचारले होते की, दोन मुले एकाच खेळण्यासाठी भांडू लागली तर आपण काय करता? त्या म्हणाल्या, "आम्ही समजावतो." मी वेगवेगळ्या प्रकारे विचारले, तरी उत्तर तेच. अखेर मी टेबलावर एक खेळण्यातली गाडी ठेवली आणि म्हटले, सांगू नका, करून दाखवा. त्या लगेच खुर्चीवरून उठून जमिनीवर बसल्या, गाडी स्वतःच्या मांडीवर घेतली, समोर नसलेल्या दोन मुलांच्या पातळीवर नजर आणली आणि हळू आवाजात आधी रडणाऱ्याचे, मग हिसकावणाऱ्याचे ऐकून घेतले. शेवटी एकाला चाके मोजायला आणि दुसऱ्याला रस्ता आखायला लावले. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत जे सापडले नव्हते, ते दोन मिनिटांत दिसले. असेसरने करून दाखवायला सांगणे नियमात बसते आणि उमेदवारानेही तशी मागणी निःसंकोच करावी.

तरीही काही गोष्टी त्यांना नव्याने शिकाव्याच लागतील आणि त्यात कमीपणा मानू नये. आपल्याकडे बाळ झोळीत निजते. इथे ते सपाट गादीवर, उताणे आणि उशी-दुलईविना निजवावे लागते. मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला तर कोणाला कळवायचे, याचे इथले कायदे वेगळे आहेत. प्रथमोपचाराचे स्वतंत्र युनिट आहे. शिवाय ऑस्ट्रेलियातील नोंदणीकृत केंद्रात किमान १६० तास काम केल्याखेरीज सध्याची सर्टिफिकेट थ्री पूर्ण होत नाही. एजंटाचे पंधरा दिवस खोटे ठरतात ते इथेच.

मात्र प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नोकरीसाठी थांबण्याचे कारण नाही. अभ्यासक्रमाला नाव नोंदवून जी व्यक्ती तो नियमित पुढे नेत असते, तिला केंद्रात शिक्षक-सेविका म्हणून घेता येते. व्हिक्टोरियात तीन वर्षांखालील चार मुलांमागे एक आणि त्यापुढील अकरा मुलांमागे एक, असे प्रमाण ठरलेले आहे. एका मदतनिसाच्या साथीने तीसेक मुले सांभाळणाऱ्या बाईला हे ऐकून हायसे वाटेल, परंतु इथे त्या चारांपैकी प्रत्येकाविषयी लिहून ठेवावे लागते. नाव नोंदवण्यापूर्वी टेफमध्ये, म्हणजे सरकारी व्यावसायिक शिक्षणसंस्थेत, चौकशी करावी. २०१९पासून व्हिक्टोरियात काही अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क सरकार भरते आणि हा त्यांपैकीच एक आहे. व्हिसानुसार पात्रता मात्र आधी तपासून घ्यावी.

प्रेषक: एक सभासद, क्रॅनबर्न

नमस्कार.

वरील पत्र वाचून राहवले नाही. मी सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होतो आणि दहावी नापास होतो. नाशिकला १९८९मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यांच्या पूर्वतयारी परीक्षेमुळे माझ्यासारख्यांना दहावी-बारावीच्या दाखल्याविना पदवीच्या वर्गाचे दार उघडले. मी बी.ए. झालो. परंतु लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप राखण्याची जी विद्या माझ्या हातात होती, तिला त्या पदवीत एकही गुण नव्हता. लोकांनी माझा पदवीनंतर सत्कार केला आणि लेथची वीस वर्षे कोणाच्या लेखी नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते. भारतात २०१३मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि पुढे कौशल्य विकास योजनेतही आरपीएलची सोय झाली. माझ्या उमेदीच्या काळात ती असती तर मी हाताच्या कामाचाच कागद मागितला असता. आपल्या जाऊबाईंनी तो मागावा आणि परीक्षेला घाबरू नये. इंग्रजी मुलाखतीचा सराव करून घ्यायला मी दर रविवारी सकाळी मोकळा आहे.

प्रेषक: एक सभासद, टार्नेट

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार.

एजंटाला नकार कळवला आहे. जाऊने गावी फोन केला, तेव्हा तिच्या पर्यवेक्षिका निवृत्त झाल्याचे समजले. पण त्यांनी स्वतःचे पत्र लगेच देते म्हटले आहे आणि प्रकल्प कार्यालयातही त्या स्वतः जाणार आहेत. काल रात्री आम्ही दोघी वही घेऊन बसलो. पहिली तीन पाने 'आम्ही'नेच भरली. ती खोडून तिने पुन्हा लिहायला घेतले आणि चौथ्या पानावर लिहिले, "मी दर महिन्याला बत्तीस मुलांची वजने घेत असे. मला एका मुलीचे वजन सलग दोन महिने कमी दिसले, म्हणून मी तिच्या आईकडे उसाच्या फडावर गेले." तिथून पुढे तिला थांबवावे लागले नाही.

काका, येत्या रविवारी दहा वाजता आम्ही येतो. नेमणुकीचा आदेश मराठीत आहे, तेव्हा अधिकृत भाषांतर करून देणारे कोणी मेलबर्नमध्ये माहीत असल्यास कळवावे.