मदत हवी आहे: संगणक कंपनीला मुक्त-स्रोत फर्मवेअरसाठी कसे पटवावे?

पैनगंगाकाठ : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेसाठी नवे संगणक घ्यायचे आहेत. जुन्या संगणकांच्या बायोसचे (संगणक चालू होताना आधी चालणाऱ्या फर्मवेअरचे) अपडेट कंपनीने कधीच बंद केले आणि आता वीज गेली की तारीख मागे जाऊन पडद्यावर ‘एफ-वन दाबा’ एवढेच उरते. या वेळी कोअरबूट हे मुक्त-स्रोत फर्मवेअर असलेलेच संगणक द्यावेत, असे पत्र कंपनीला लिहायचे आहे. सोमवारी दरपत्रके मागवायची असल्याने मसुदा कृपया लवकर द्यावा.

सालदार : संगणक किती, प्रोसेसर कोणता, पैसा ग्रामपंचायतीचा की लोकवर्गणीचा, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

बाभूळबन : मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, तारीख जागेवर येईल.

पैनगंगाकाठ : भाऊ, सेलबद्दल मी विचारलेले नाही. दहा संगणक, इंटेलचे, निधी ग्रामपंचायतीचा.

मोहफूल : कंपनीच्या विनवण्या कशाला? जुने थिंकपॅड एक्स२३० घ्या. त्याच्या बोर्डवरील फर्मवेअर साठवणाऱ्या आठ पायांच्या दोन्ही चिपांना आळीपाळीने प्रोग्रॅमरचा चिमटा लावून मी स्वतः लिबरबूट (कोअरबूटवर आधारलेले फर्मवेअर) चढवले आहे.

सालदार : ग्रामसेवकाने चिमटा घेऊन बसायचे काय? शिवाय निर्मात्याने बूट गार्ड (फर्मवेअरची सही तपासणारी इंटेलची सोय) सुरू करून आपल्या सहीच्या किल्लीचा हॅश, म्हणजे अंकी ठसा, चिपसेटच्या पुन्हा न बदलता येणाऱ्या फ्यूजमध्ये एकदा कोरला, की त्याची सही नसलेले फर्मवेअर त्या यंत्रावर चालतच नाही. म्हणून बोलायचे ते खरेदीपूर्वीच. ‘हे जमण्यासारखे नाही’ असे उत्तर आल्यास, लॉस अलामोस प्रयोगशाळेत १९९९ मध्ये लिनक्सबायोस म्हणून सुरू झालेला हाच कोअरबूट प्रकल्प आज गुगलच्या क्रोमबुक लॅपटॉपांवर चालतो, हे दाखवून द्यावे. मात्र प्रोसेसर व मेमरी सुरू करणारा इंटेलचा एफएसपी हा बंद, म्हणजे स्रोत खुला नसलेला, भाग तरीही राहतो, त्यामुळे ‘संपूर्ण मुक्त’ असे पत्रात लिहू नये.

मोहफूल : दहा नगांसाठी कोणती कंपनी धोरण बदलेल? अशी सक्तीची अट घातलीत तर एकही दरपत्रक येणार नाही.

सालदार : हे मात्र खरे. म्हणूनच सक्ती न करता प्राधान्य लिहावे, आणि पंचायत समितीमार्फत शेजारच्या गावांची मागणी एकत्र करता आली तर पाहावे.

पैनगंगाकाठ : त्याला वेळ नाही. सोमवारसाठी एक वाक्य द्या.

सालदार : “कोअरबूटसह येणाऱ्या, अथवा बूट गार्डची किल्ली फ्यूजमध्ये न कोरलेल्या संगणकांना प्राधान्य दिले जाईल, तसेच फर्मवेअरचे अपडेट किती वर्षे मिळेल व ते लिनक्सवरून एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर-अपडेट साधनाद्वारे करता येईल का, हे दरपत्रकात लेखी नमूद करावे.”